अडचणीच्या काळात देवावर भरवसा : नाथांची एक पै काय शिकवते?



2025च्या सप्टेंबरातला पाऊस मराठवाड्यात कुणीच विसरणार नाही. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदावरी पात्र सोडून शेतात शिरली. काढणीला आलेलं सोयाबीन, बोंडं धरलेली कपाशी पाण्याखाली गेली. याच धरणाच्या मृतसाठ्यावर आपण 2016चा उन्हाळा काढला होता. आमच्या भागाचं हे असंच आहे. एक वर्ष कोरडं, एक वर्ष ओलं, आणि दोन्हीत मरण शेतकऱ्याचंच.

त्या दिवसांत माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात सगळे माळकरी हायेत. आजोबा दरसाल षष्ठीला पैठणला पायी जातेत. मग देवानं आमचंच रान का नेलं?"

मी तेवीस वर्षं मराठी शिकवते, पण मला उत्तर आलं नाही. "होईल गं सगळं नीट," असं काहीतरी म्हणाले, तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. छत्रपती संभाजीनगरला परत येताना बसमध्ये मात्र ते टोचत राहिलं. पोरीनं मनापासून विचारलं होतं आणि मी नुसती वेळ मारून नेली होती. म्हणून हा लेख.

नाथांची एक पै

संत एकनाथ महाराज पैठणचे. आईवडिलांचं छत्र लहानपणीच गेलं, आजी-आजोबांनी त्यांना वाढवलं. पुढे ते देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे राहिले. तिथली पैची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. स्वामींनी हिशेबाचं काम दिलं, ताळा एका पैनं चुकला, आणि ती पै सापडेपर्यंत नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. सापडल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली.

ही गोष्ट आपण मुलांना एकाग्रतेसाठी सांगतो. मला हल्ली त्यात दुसरं काही दिसतं. गुरू त्याच किल्ल्यावर होते, पण चूक कुठल्या पानावर आहे हे सांगायला कुणी आलं नाही. दिव्याच्या उजेडात एकेक नोंद नाथांनीच तपासली. दिव्याचा उजेड समोरच्या पानापुरताच होता, पण काम करायला तेवढा पुरला.

पुढे तीर्थयात्रेहून नाथ पैठणला आले, तेव्हा आजोबांनी गुरूंचं पत्र त्यांच्या हाती ठेवलं, अशी कथा आहे. आदेश साधा होता : इथेच राहा, संसार कर. पुढे मराठीतून लिहिलं म्हणून काशीचे पंडित विरोध करतील, पोटचा मुलगा मतभेदामुळे घर सोडून जाईल, यातलं काही त्या आदेशात नव्हतं. नाथ तिथेच राहिले आणि हातातलं काम करत गेले. 1573 मध्ये त्यांचं भागवत पूर्ण झालं. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढ्या मोठ्या भक्तालाही देवानं अडचणीतून सूट दिली नाही, हे आपण लक्षात घेतलं पाहिजे.

मागितलेलं मिळालं नाही तर?

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. 2021च्या एप्रिलमध्ये माझे वडील कोरोनानं आजारी पडले. मी नवस बोलले, देव पाण्यात ठेवले. नवव्या दिवशी वडील गेले.

त्या रात्री मी देवासमोर बसून म्हटलं, आता तूच मार्ग दाखव. काहीही दिसलं नाही. सकाळी आईला बीपीची गोळी द्यायची होती, ती दिली. तिला चहा करून दिला. मग कागदपत्रं गोळा केली. चार दिवसांनी वर्गातल्या मुलांचे फोन यायला लागले, त्यांचा मोबाईलवरचा तास पुन्हा सुरू केला. आज मागे वळून बघताना वाटतं, मी मार्ग मागितला होता आणि तो मला एका वेळी एका कामाएवढाच मिळत गेला.

कुणी म्हणेल, याला नुसतं कर्तव्य म्हणतात, यात देव कुठे आला? म्हणू देत, माझं भांडण नाही. त्या दिवसांत उठून उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. ती जिथून आली त्याला मी देव म्हणते.

भरवसा आणि भोळेपणा

माझं स्पष्ट मत आहे की भक्ती हा पीकविमा नाही. हप्ता भरला की भरपाई मिळेल, असा तो करारच नाही. पाऊस माळ घालणाऱ्याच्या रानात पडला तसाच न घालणाऱ्याच्याही रानात पडला. त्यामुळे "तुमचंच काहीतरी चुकलं असेल" किंवा "देवाची मर्जी" असं दुःखातल्या माणसाला ऐकवू नये. त्यानं त्याला धीर येत नाही, उलट तो आणखी एकटा पडतो.

दुसरी गोष्ट. अडचणीतला माणूस लवकर फसतो. पैसे घेऊन संकट काढून देतो म्हणणारे अशाच वेळी दारात येतात. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो देवावरच्या श्रद्धेविरुद्ध नाही, या लुबाडणुकीविरुद्ध आहे. देवावर भरवसा असलेल्या माणसानं डॉक्टरकडेही जावं, तलाठ्याकडेही जावं आणि शेजाऱ्याला हाकही मारावी. मदत मागणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्या घरातही कधी वडील गप्प गप्प असतील, आई रात्री जागी असेल. तेव्हा "पुढं आपलं कसं होणार?" याचं पूर्ण उत्तर शोधत बसू नका, ते मोठ्या माणसांकडेही नसतं. "आज मी काय करू शकतो?" एवढंच विचारा. आणि मनात फारच अंधार दाटला तर एकट्यानं सोसू नका. आम्हा शिक्षकांशी बोला. 1098 ही मुलांसाठीची आणि 14416 ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, दोन्ही मोफत आहेत.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हटलं, "तुमचं रान का गेलं, मला माहीत नाही बाळा. काल मी उगीच बोलून गेले. पण आज काय करायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू." कागदावर तीनच कामं लिहिली : पंचनामा झाला का ते विचारायचं, वडिलांची बँकेची आणि आधारची कागदं एकत्र करायची, आणि बुडालेले धडे रोज एक याप्रमाणे भरून काढायचे. ती कामाला लागली. रानाचं नुकसान भरून निघालं नाही, पण शाळा सुटली नाही.

पुढे एकदा मी तिला विचारलं, "आजोबा यंदा षष्ठीला जाणार का गं?" ती हसली. म्हणाली, "मी पण हेच इचारलं त्यांना. म्हणले, जाणार की. रुसायचं तरी कुणावर, त्याच्यावरच ना?"

माझ्या तेवीस वर्षांच्या शिकवण्यात मला न जमलेलं उत्तर त्या आजोबांनी एका वाक्यात दिलं.

विचार करा आणि वहीत लिहा :

1. पैच्या गोष्टीत गुरूंनी नाथांना चूक दाखवून दिली असती, तर काय झालं असतं?
2. तुमच्या घरावर आलेल्या एखाद्या अडचणीत कुणी मदत केली? त्या माणसाला तुम्ही तसं सांगितलं आहे का?
3. "भक्ती हा पीकविमा नाही" हे मत तुम्हाला पटतं का? आजी-आजोबांना विचारून त्यांचंही मत लिहा.