फिरता उपग्रह आणि अचल झोत

‘भूस्थिर’ हा शब्द आम्हांस मोठा फसवा वाटतो. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीवरून जागचा हललेला दिसत नाही, हे खरे. परंतु युरोपचे मिटिओसॅट-५ वा मिटिओसॅट-९ यांसारखे हवामान-उपग्रह तेथे राहून मिनिटाला शंभर गिरक्या घेणारे. भोवरा फिरतो तोवरच उभा राहतो, तोच न्याय! मिटिओसॅट-५ हा १९९८ साली हिंदी महासागरावर आणला गेला. २०२२ पासून ते काम मिटिओसॅट-९ कडे आले. ज्येष्ठातल्या वावटळीच्या धास्तीने आभाळाकडे पाहणाऱ्या आमच्या तापीकाठच्या केळीवाल्यांस हा विषय परका नव्हे.

परंतु गरगर फिरणाऱ्याने पृथ्वीशी बोलावे कसे? तेथून पृथ्वीचे बिंब जेमतेम साडेसतरा अंशांचे दिसते. उपग्रहाभोवती सर्व दिशांस सारखे प्रक्षेपण केले, तर विसावा हिस्सा कामी यायचा, उरलेले आकाशार्पण. अँटेना यंत्राने तेवढ्याच वेगाने उलट फिरवावी, हा एक उपाय. १९६८ पासूनच्या इंटेलसॅट-३ उपग्रहांवर तो योजिला होता. इंटेलसॅटच्याच उपग्रहांमार्फत पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या विक्रम भूकेंद्रातून मराठी घरांतले आवाज परदेशी पोचू लागले. पण निर्वात पोकळीत बेअरिंगला वंगण घालायला कोण जाणार?

दुसरा उपाय आम्हांस अधिक देखणा वाटतो. अमेरिकेच्या एटीएस-१ वर तो १९६६ सालीच होता. लग्नमांडवावरील धावते दिवे आठवावेत. दिवा जागीच असतो, धावतो तो उजेड. तद्वत उपग्रहाच्या अंगाभोवती अँटेनांचे उभे स्तंभ जखडलेले असतात. जो स्तंभ पृथ्वीसमोर येईल त्यास व त्याच्या शेजाऱ्यांस विद्युत्-शक्ती मिळते. पुढे सरकला की ती मागून येणाऱ्याकडे जाते. देह एका दिशेस फिरतो, झोत त्याच वेगाने उलट. म्हणून पृथ्वीच्या दृष्टीने तो अचल. केव्हा बदलायचे हे सूर्याचा वेध घेणारे व पृथ्वीच्या उष्णतेची कड ओळखणारे संवेदक सांगतात. एका फेरीस अवघे ०.६ सेकंद!

खरी मेख सांध्यात आहे. शक्ती एका स्तंभावरून दुसऱ्यावर एकदम फेकली, तर प्रत्येक बदलास संदेशाला हिसका बसतो. म्हणून एकाची शक्ती हळूहळू उतरवीत दुसऱ्याची चढवावी लागते. भरली घागर दुसऱ्याच्या हाती देताना क्षणभर चारही हात तिला लागलेले असतात ना, तसे.

आपल्या इन्सॅट मालिकेने मात्र गिरकीचा मार्ग घेतलाच नाही. आणि २०२२ साली उडालेला मिटिओसॅटच्या तिसऱ्या पिढीचा पहिला उपग्रहही न फिरणाराच आहे.