आखाड्यात उतरण्यापूर्वी

सुगी आटोपून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे बेळगाव-खानापूरच्या टापूत कुस्त्यांची मैदाने भरू लागतात. आता मुलांबरोबर मुलीही कुस्ती खेळतात. कोणी ज्यूडो शिकतात, कोणी तायक्वांदो. म्हणून या आठवड्यात आम्ही आमच्या वाचक कुटुंबांपुढे एक लहानसा परंतु महत्त्वाचा प्रश्न ठेवीत आहोत : लढतीपूर्वी अंग ताणावे काय, आणि ताणावे तर कसे?

पुष्कळदा असे दृष्टीस पडते की, मुलगा थंड अंगानेच जमिनीवर बसतो, पाय पसरून अंगठे धरतो आणि एक-दोन मिनिटे तसाच निश्चल राहतो. अंग मोकळे झाले असे मानून आईबापही निश्चिंत होतात. अंग मोकळे होते, यात संशय नाही. सांधा पूर्वीपेक्षा अधिक वाकतो. परंतु हा लाभ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, आणि त्यासाठी पदरचे थोडे द्यावे लागते.

ते काय? २०१६ साली या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. एकेक स्नायू ६० सेकंद वा अधिक काळ निश्चल ताणून धरल्यास लगेच केलेल्या जोराच्या व चपळाईच्या कामात सरासरी ४.६ टक्के घट आढळली. ६० सेकंदांहून कमी ताणल्यास ती १.१ टक्काच होती. उलट, हालचाल करीत ताण दिल्यास कार्यशक्ती १.३ टक्क्यांनी वाढली. दीर्घ ताणानंतर मज्जातंतूंकडून स्नायूला मिळणारी चेतना काही काळ मंदावते, हे या घटीचे एक प्रमुख कारण मानले जाते.

चार-पाच टक्के म्हणजे ते कितीसे, असे कोणी म्हणेल. परंतु पट काढण्यासाठी मल्ल झेप घेतो तो क्षण डोळ्यांपुढे आणावा. तेथे बरोबरीच्या दोघांमध्ये तसूभर अंतरच निकाल ठरविते. तथापि भयाचेही कारण नाही. थोडा वेळ ताण देऊन त्यानंतर अंग नीट तापविले, तर ही घट बहुतांशी नाहीशी होते.

अंग ताणले की दुखापत टळते, अशीही समजूत आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १,५३८ रंगरुटांवर १२ आठवडे प्रयोग करण्यात आला. त्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. व्यायामापूर्वी पायांचे स्नायू ताणणाऱ्यांत व न ताणणाऱ्यांत पायांच्या दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. तेव्हा केवळ ताणावर भिस्त ठेवून मुलाला निर्धास्तपणे आखाड्यात सोडणे शहाणपणाचे नव्हे.

आमच्या जुन्या तालमींची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पठ्ठे फावड्याने हौद्यातील माती उकरतात, जोर काढतात, बैठका मारतात. जोर काढताना खांदे, पाठ व कंबर एकामागून एक वाकतात आणि उलगडतात. बैठकेत गुडघे व मांड्या कामी लागतात. अंग तापते आणि हालचालीतच ताणही मिळतो. मात्र रोजच्या मेहनतीचे शेकडो जोर लढतीच्या दिवशी काढू नयेत. अंग तापावे, थकू नये, एवढेच पुरे.

मग क्रम कसा असावा? प्रथम पाच-दहा मिनिटे हलके धावून अंग उबदार करावे. नंतर हात-पाय फिरवावे, पाय झुलवावे, थोडे जोर-बैठका काढाव्या. एखादा सांधा आखडलेला वाटल्यास तो अर्ध्या मिनिटापर्यंतच ताणावा. शेवटी जोडीदाराबरोबर डावांची हलकी उजळणी करून मैदानात उतरावे.

याचा अर्थ लवचिकपणा निरुपयोगी, असा कोणी करू नये. तायक्वांदोत लाथ उंच जाण्यास कंबर मोकळी लागते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पकडीतून निसटण्यासही लवचिक अंगाचे साह्य होते. परंतु हा गुण लढतीपूर्वीच्या दोन मिनिटांत मिळत नाही. मेहनत संपल्यावर, अंग उबदार असताना, शांतपणे व वेदना होऊ न देता ताण द्यावा. आठवड्यातून तीन-चार वेळा असे महिनोन्‌महिने केल्यासच तो अंगी मुरतो.

आईबापांनी वस्तादांच्या कामात ढवळाढवळ करावी, असे आम्ही सुचवीत नाही. मुलाला मैदानावर वेळेआधी अर्धा तास पोहोचवावे, म्हणजे अंग तापविण्यास त्याला सवड मिळेल. एवढे साह्य तर प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.