टीआयए : झटका ओसरला, थकवा राहिला

‘अंगावरून वारं गेलं होतं, पण आता ठणठणीत आहे,’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, जीभ जड होते आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ अडून पुन्हा सुरू झाला, की त्याला टीआयए म्हणतात. इथे आपण दोन चुका करतो.

पहिली चूक, दवाखाना टाळणं. पुढच्या ९० दिवसांत पक्षाघाताचा जो धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा पहिल्या ४८ तासांतच असतो. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा.

दुसरी चूक, ‘बरा झाला’ म्हणून माणसाला लगेच कामाला जुंपणं. हातापायाची ताकद परत येते, तरी अनेकांना पुढे काही आठवडे किंवा महिने थकवा, विसराळूपणा, चिडचिड आणि ‘पुन्हा झटका येईल’ ही धास्ती जाणवते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ हजारांहून अधिक टीआयए रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा थकवा, नैराश्य-चिंता आणि स्मरणाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. रिपोर्ट नॉर्मल असला तरी हा त्रास खरा असतो. त्याला आळस किंवा नाटक म्हणू नका.

आपल्या बीड जिल्ह्यात याची किंमत मोठी आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर. एक जण थकला की सगळा भार दुसऱ्यावर पडतो. म्हणून त्रास लपवला जातो. माझं स्पष्ट मत आहे, की अशा माणसाला डॉक्टरांनी पुन्हा तपासल्याशिवाय फडावर नेऊ नये. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं किंवा ट्रॅक्टर चालवणं तर नाहीच. हे मुकादमांनीही समजून घ्यावं.

थकवा टिकला तर रक्त कमी आहे का, साखर, थायरॉइड, झोप आणि मनःस्थिती कशी आहे, हे तपासून घ्या. काम हळूहळू वाढवा. तंबाखू, मिश्री, बिडी बंद करा. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्या मनाने थांबवू नका. कारखान्यावर जाताना चिठ्ठी आणि पुरेशा गोळ्या सोबत ठेवा.