फेऱ्या वाढवा, पण आधी अ‍ॅप्रनकडे पाहा



सोलापूरच्या विमानसेवेची चर्चा हल्ली एकाच गोष्टीभोवती फिरते: आणखी फेऱ्या कधी? विमानांच्या वाटेत अडथळा ठरणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, 9 जून 2025 ला गोव्याचे विमान सुरू झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचेही. आनंदच आहे. पण उतरलेले विमान जिथे वळते, थांबते, इंधन घेते, त्या अ‍ॅप्रनबद्दल कुणी निवेदन दिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. धोका फक्त आकाशातच असतो, अशी आपली पक्की समजूत दिसते.

पुण्यात 16 मे 2024 रोजी दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जाताना टग ट्रॅक्टरला धडकले. आत सुमारे 180 प्रवासी होते. सगळे सुखरूप उतरले, पण विमान जायबंदी झाले. त्याआधी दीड-दोन महिन्यांपूर्वी, 27 मार्चला, कोलकात्यात इंडिगोच्या विमानाचा पंख थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला घासला. (तारीखही कशी! 27 मार्च 1977 लाच टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून 583 माणसे गेली. दोन विमानांच्या टकरीत एवढे बळी ना त्याआधी गेले, ना त्यानंतर. आणि ती टक्कर हवेतली नव्हती.)

कोलकात्यात विमान वाहतूक नियामक डीजीसीएने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना तातडीने कामावरून बाजूला ठेवले. चौकशी व्हायलाच हवी, पण दोष वैमानिकापाशी नेऊन थांबवणे मला पटत नाही. मोठ्या विमानांच्या कॉकपिटमधून पंखाचे टोक नीट दिसतच नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 2012 मध्ये अशा विमानांवर कॅमेऱ्यासारखी साधने बसवा, अशी शिफारस केली ती याच कारणाने. शिवाय मागे झुकलेल्या पंखाचे टोक वळताना सरळ जाण्यापेक्षा बाहेरची जास्त जागा घेते. समोर बसलेल्या माणसाने हा अंदाज केवळ नजरेने घ्यायचा?

आपल्या एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. ड्रायव्हर कितीही जुना असला तरी त्याच्याशिवाय गाडी मागे जात नाही. विमानतळावर हेच काम पंखाच्या टोकापाशी चालणारे विंग वॉकर आणि समोरून खुणा करणारा मार्शलर करतात. विमान उशिरा आले, पुढची वेळ गाठायची घाई झाली, की आधी काटछाट होते ती याच माणसांत, अशी मला धास्ती वाटते.

‘इथे दिवसाला येतात किती विमाने, टक्कर कशाला होईल?’ असे कुणी म्हणेल. टक्कर व्हायला दुसरे विमान लागतेच असे नाही. बेंगळुरूत 18 एप्रिल 2025 रोजी एक टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानाखाली घुसला. म्हणजे सामानाची गाडी, शिडी, बस, यातले एक वाहन पुरे. आणि आपल्यासारख्या गावाला फटका जास्त बसतो. मुंबईत एक विमान जागेवर अडकले तर कंपनी दुसरे आणू शकते. आपल्याकडे येणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे मोजकीच विमाने असतात. पंखाला साधा पोचा पडला तरी इंजिनियरने तपासून मोकळे केल्याशिवाय विमान हलत नाही. मग त्या दिवशीचीच नव्हे, पुढच्या दिवसांचीही तिकिटे रद्द.

फेऱ्या कमी आहेत तोवरच ही व्यवस्था लावणे सोपे आहे. खासदारांच्या अध्यक्षतेखालील विमानतळ सल्लागार समितीने पुढच्या बैठकीत नव्या मार्गांच्या आधी तीन प्रश्न घ्यावेत. अ‍ॅप्रनवर एका वेळी किती विमाने सुरक्षित उभी राहू शकतात? आतल्या वाहनांच्या चालकांना, विशेषतः कंत्राटी चालकांना, प्रशिक्षण कोण देते आणि त्यांचा वेग कोण तपासतो? विमाने उशिराने एकत्र आली तर विंग वॉकर पुरेसे असतात का? विमानतळ प्राधिकरणाने याची उत्तरे लेखी द्यावीत आणि ती वर्तमानपत्रांत छापून यावीत, ही विनंती.

— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर