पंधरवड्यात परिचारिका घडत नाही

हैदराबादच्या बाळापूर भागात म्यानमारमधून आलेली रोहिंग्या कुटुंबे अनेक वर्षे राहत आहेत. शहराबाहेरील वीटभट्ट्यांवर दर हंगामात ओडिशातील बलांगीर, नुआपाडा भागांतून मजूर येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. अशांचा आधार म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र, २०१८ पासून सुरू झालेले बस्ती दवाखाने किंवा एखादा सेवाभावी दवाखाना.

आपल्या घरांतूनही मुली-मुले नर्सिंगला जातात. सामुदायिक आरोग्य हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच विषय आहे. पण पंधरवडाभर वस्तीत फिरून वही भरली, शिक्का मिळाला, की प्रशिक्षण संपले, असे होता कामा नये. बाळाला पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यायची असते. पंधरा दिवसांसाठी आलेली विद्यार्थिनी दुसरा डोस पाहणार तरी कधी? क्षयाचे नेहमीचे औषध सहा महिने चालते. रुग्णाने ते मध्येच का सोडले, हे त्याच्या दारात पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

भाषेचेही तेच. आपली मुले घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात दखनी बोलतात. तरी ओडिया बोलणाऱ्या बाळंतिणीपुढे ती अडतात. मग तिच्याच सात-आठ वर्षांच्या मुलाला दुभाषा करून नको ते प्रश्न विचारले जातात. हे थांबले पाहिजे.

काही सभासद म्हणतील, आपल्याच गरिबांना पुरत नाही, तिथे परक्यांचे काय? निर्वासितांनी राहावे की जावे, हे दिल्लीचे सरकार ठरवील. गोवर मात्र ओळखपत्र पाहून घरात शिरत नाही. शिवाय प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले यांनी प्राण ठेवला. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, मग हा प्रश्न आपल्याला शोभत नाही.

म्हणून मंडळाने राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना निवेदन द्यावे. विद्यार्थ्यांना किमान तीन महिने, आठवड्यातून ठरावीक दिवशी, त्याच कुटुंबांकडे पाठवावे. सोबत अनुभवी शिक्षिका असावी. वस्तीतल्याच एखाद्या बाईला मानधन देऊन दुभाषी नेमावे. प्रवासखर्च मिळावा, आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी विद्यार्थ्यांना फुकट राबवू नये.

गणेशोत्सवात उमेदवार आपल्या मांडवात हात जोडून येतात. या वेळी आरतीचे ताट देण्याआधी त्यांच्या हातात हे निवेदन ठेवावे आणि उत्तर मागावे.