सातशे अकराचं विद्यापीठ

बीड जिल्ह्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं पूर्ण नाव घेऊन सहसा कुणी बोलत नाही. 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ' हे नाव नाईकांच्या जन्मशताब्दीला, २०१३ साली मिळालं आणि ते बहुतेक पत्रव्यवहारातच राहिलं. बांधावर चालतं ते 'सातशे अकरा'. म्हणजे बीडीएन ७११, पांढरी तूर. यातलं बीडीएन म्हणजे बदनापूरचं संशोधन केंद्र, हे पेरणाऱ्याच्या गावीही नसेल. त्याला एवढंच ठाऊक असतं की ही तूर मर रोगाला दाद देत नाही आणि दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत घरात येते. परतीच्या पावसाचा भरवसा नसलेल्या मध्यम रानात ओल तुटण्याआधी शेंगा भरल्या, तर पीक, नाहीतर सरपण.

विद्यापीठांची क्रमवारी आता दरसाल दिल्लीहून लागते, २०२३ पासून त्यात शेतीचा वेगळा वर्गही आहे. शोधनिबंध मोजतात, पीएच.डी. मोजतात. शेजाऱ्याकडून पायलीभर बी आणून पेरलेलं रान मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

परभणीत निजामी राजवटीने १९१८ मध्ये प्रयोगक्षेत्र काढलं, १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं आणि १८ मे १९७२ रोजी विद्यापीठ. त्याच पावसाळ्याने पाठ फिरवली. नव्या विद्यापीठाचं बस्तान बसायच्या आत मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली होती. कमी दिवसांचं, कमी पाण्याचं वाण काढणं हा इथे हौसेचा विषय कधीच नव्हता.

कापसात मात्र याच विद्यापीठाचा पाय घसरला. १९८४ चा नांदेड-४४ हा संकरित वाण एके काळी कोरडवाहू कापूसवाल्याचा आधार होता. २००२ मध्ये बीटी आलं. त्यातलं जनुक कंपनीच्या मुठीत, आणि संकरित बी दरवर्षी नवं घ्यावं लागणारं. नांदेड-४४ बीटीच्या रूपात येईपर्यंत बीड-माजलगावच्या कृषी सेवा केंद्रांतल्या फळ्या दुसऱ्यांच्या पाकिटांनी भरून गेल्या होत्या. शास्त्रज्ञ तेच, जमीन तीच. तूर टिकली, कारण तिचं बी घरी धरता येतं; चार घरांत वाटता येतं. सरकारी संशोधनाची ताकद नेमकी इथे आहे आणि तिचा हिशेब ठेवायची सोय मात्र कुणाकडेच नाही.

अंबाजोगाईला याच विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. बालाघाटच्या डोंगरात आपोआप वाढणाऱ्या झाडांतून निवड करून 'धारूर-६' हा वाण काढला गेला. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, हे दुखणं मात्र मानांकनाने बरं होत नाही.

दरवर्षी १८ मेला, वर्धापनदिनी, परभणीत खरीप मेळावा भरतो आणि बियाण्यासाठी रांग लागते. काही बॅगा जिल्ह्यातल्या केंद्रांवर येतात, पण मागणीपुढे त्या किती पुरणार? आष्टीवाल्याला तर राहुरीचं विद्यापीठ जवळ, परभणीला जायचं तर दिवस मोडतो. विद्यापीठातली रिकामी पदं भरा, ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. पण पैदासकार नेमून भागणार नाही. त्याने काढलेलं वाण वाढवायला बीजोत्पादनाचं रान, पाणी आणि पैसा लागतो. हे बीजोत्पादन बीडच्याच शेतकरी गटांकडे का देऊ नये? तूर परभणीच्या आवारात वाढते तशी केजलाही वाढते.

तोवर रांगेत नंबर लागलेला कुणी संध्याकाळच्या एसटीत बॅग पायाशी ठेवून परत येईल. पुढच्या आषाढात त्याच्या शेजारच्या दोन रानांतही सातशे अकराच उगवलेली असेल.