विलंबाचा कर्ता

विमानतळावरची मराठी ही एक स्वतंत्र बोलीच आहे. 'तांत्रिक कारणास्तव विमानास विलंब होत आहे' या घोषणेत व्याकरणाने कर्ता शोधू गेल्यास 'विलंब' हाच हाती लागतो. तो कोणी केलेला नसतो. आपला आपण होतो. पुढच्या 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' या वाक्यात मात्र 'आहोत'च्या आडून एक 'आम्ही' डोकावतो. दिलगिरीपुरता हजर, जबाबदारीच्या वेळी बेपत्ता. भरपाई मागणे म्हणजे या कर्त्याला वाक्यात परत बोलावणे होय, असे आम्हांस वाटते.

वसई-विरारच्या वाचकांना हे फार समजावून सांगावे लागू नये. सकाळच्या विमानासाठी विरारहून निघणारा माणूस पहाटेची लोकल धरतो, नाहीतर वर्सोव्याच्या खाडीपुलावरील कोंडी गृहीत धरून कितीतरी आधी घर सोडतो. तरीही पोहोचायला उशीर झालाच, तर तिकीट बुडते. तेथे विलंब 'होत' नाही. 'तुम्ही उशीर केलात' असे, कर्ता स्वच्छ दिसणारे वाक्य ऐकावे लागते.

आपल्याकडचा नियमही याच व्याकरणाचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१० च्या, पुढे सुधारलेल्या नियमांनुसार उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यास कमाल १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. अपवादात्मक परिस्थितीची पळवाट आहेच. नुसत्या उशिराला मात्र खाणेपिणे, आणि तो सहा तासांहून अधिक असेल तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे. माणसाच्या वेळेचे मोल चहा-सँडविचात! युरोपीय संघात २००४ च्या नियमाने २५० ते ६०० युरो भरपाई ठरवली, आणि २००९ साली तेथील न्यायालयाने तीन तासांहून मोठा उशीरही तिला पात्र ठरवला. 'रद्द' आणि 'उशीर' यांतले अंतर ताटकळणाऱ्याच्या दृष्टीने फारसे नसते, हे तेथे मान्य झाले.

नियमात रोख रक्कम नाही म्हणून दारे बंद, असे मात्र नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला तो राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच, दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते; कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. याच मार्गाने गेलेले एक प्रकरण रेल्वेचे आहे. २०१६ साली जम्मूला जाणारी गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचली, एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले आणि त्यांना टॅक्सी करावी लागली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली. रक्कम किरकोळच, टॅक्सीचे १५,००० आणि असेच काही. तर्क मात्र मोलाचा होता: उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेनेच सिद्ध करावे, एरवी ती जबाबदार. न्यायालयाने 'विलंबा'ला कर्तेपदावरून खाली उतरवले.

मराठीच्या अध्यापकांशी आमचे थोडे भांडण आहे. अर्जलेखनाच्या तासाला आपण अजूनही 'कृपया दखल घ्यावी, ही नम्र विनंती' एवढेच घोटून घेतो. तक्रारीच्या पत्रात विनंतीचे काम थोडेच असते. उड्डाणाचा क्रमांक, जाहीर झालेली वेळ, प्रत्यक्ष सुटल्याची वेळ, बोर्डिंग पास, कंपनीचे संदेश, टॅक्सीची पावती, झालेल्या नुकसानीचा आकडा. आणि शेवटी, विनंतीच्या जागी, 'विलंबाचे नेमके कारण लेखी कळवावे'.